नाकारलं म्हणजे रिफ्यूज की डिनाय? सारख्या दिसणाऱ्या इंग्लिश शब्दांनी हैराण झालेल्या एका मैत्रिणीला

सल्ला मागणारं जे पत्र मला आलंय ते थोडक्यात असं आहे. लिहिणारी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, तिशीच्या आतली, चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्लिश, पुढे बीकॉम. आता कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. एका खोलीतली काच फुटली, गेस्ट म्हणाला मी फोडली नाही, आणि हिने नाइट शिफ्टच्या लॉगबुकात लिहिलं, 'गेस्ट रिफ्यूज्ड'. सकाळच्या शिफ्टने त्याचा अर्थ लावला की गेस्ट पैसे द्यायला तयार नाही, म्हणजे फोडल्याचं त्याने मान्य केलंय, आणि चेक-आउटला बिल पुढे केलं. गेस्ट भडकला. मग ब्रीफिंगमध्ये मॅनेजरने ते वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि मागून कोणीतरी 'मराठी मीडियम' म्हणून हसलं. तेव्हापासून ती रील्स बघून सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या वहीत उतरवते, पाठ करते, आणि गेस्टसमोर उभी राहिली की दोन्ही शब्द एकदम आठवतात आणि तोंडातून काहीच निघत नाही. स्पोकन इंग्लिशचा एक क्लास आहे, फीमध्ये दीड महिन्याचा पगार जाईल. घरी नवरा म्हणतो आपल्या मुलाला तरी सरळ इंग्लिश मीडियमला घालू. ती विचारते, मावशी, हे सगळे फरक मी कधी आणि कसे शिकणार?

बाय, मला आधी त्या लॉगबुकातल्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण त्याच्यावरून तू स्वतःबद्दल जे ठरवून बसलीयस ते मला पटलेलं नाही. तुला वाटतं तुला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ तुला माहीत होता गो. रिफ्यूज म्हणजे नाकारणे आणि डिनाय म्हणजेही नाकारणे, डिक्शनरीत तेच लिहिलेलं असतं आणि मराठीच्या बाजूने ते बरोबरच आहे. मंत्र्याने आरोप नाकारला म्हणतो आपण आणि बँकेने कर्ज नाकारलं असंही म्हणतो, एकच शब्द, पण कोणाचा गोंधळ होत नाही, कारण आरोप म्हटल्यावर कळतं की 'हे खरं नाही' असं म्हणणं आहे आणि कर्ज म्हटल्यावर कळतं की 'देणार नाही' असं आहे. म्हणजे फरक आपल्याकडेही आहे, फक्त तो शेजारचा शब्द दाखवतो. इंग्लिशमध्ये त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. मी ते केलं नाही, तसं घडलं नाही असं सांगायचं तर डिनाय, मी ते करणार नाही असं सांगायचं तर रिफ्यूज. द गेस्ट डिनाइड ब्रेकिंग द ग्लास. द गेस्ट रिफ्यूज्ड टू पे. ओळखपत्र नसलं तर डिनाइड एन्ट्री असंही म्हणतात, तिथे डिनाय म्हणजे एखाद्याला काही मिळू न देणं, पण तुझ्या लॉगबुकात ते फार कमी वेळा लागेल.

आता जरा नीट बघ, त्या जागी 'गेस्ट डिनाइड' एवढंच लिहिलं असतंस तरी सकाळच्या शिफ्टला काय कळलं असतं? काय डिनाय केलं, काच फोडल्याचं की अजून कशाचं? माझ्या मते तिथे शब्दापेक्षा वाक्य अर्धं राहिलं हे जास्त नडलं. आणि तू जर साधं लिहिलं असतंस, गेस्ट सेज ही डिड नॉट ब्रेक द ग्लास, तर रिफ्यूज-डिनायची भानगडच नव्हती, आणि एवढं इंग्लिश तुला सहावीतच येत होतं. म्हणून पहिली सवय हीच लाव की लॉगबुकात, ईमेलमध्ये, जिथे पैशाचा किंवा जबाबदारीचा प्रश्न आहे तिथे एका जड शब्दावर सगळा भार टाकायचा नाही, कोण कोणाला काय म्हणालं आणि काय करणार आहे ते पूर्ण लिहायचं. वाक्य लांब झालं तर होऊ दे.

तुझी वही. तू तिचे जे दोन फोटो पाठवलेस ते मी बघितले आणि मेहनत बघून वाईट वाटलं, कारण मेहनत खरी आहे पण रस्ता चुकलाय. वर्षानुवर्षं हायस्कूलला इंग्लिश शिकवलंय मी, आणि कायम हेच बघितलंय की सारखे दोन शब्द एकाच दिवशी, एकाच ओळीत, बाजूबाजूला ठेवून पाठ केले की ते डोक्यात एकमेकांना चिकटूनच बसतात. बॉरो म्हणजे उसनं घेणे, लेंड म्हणजे उसनं देणे, असं एका दमात पाठ केलेल्या मुलीला परीक्षेत दोन्ही आठवायचे, फक्त कुठला कुठला ते नाही आठवायचं. जिने आधी नुसतं 'कॅन आय बॉरो युवर पेन' हे वाक्य महिनाभर वर्गात वापरलं आणि मग कधीतरी लेंड ऐकलं, तिचा गोंधळ नाही व्हायचा. म्हणून जोड्या पाठ करणं आजपासून बंद कर. एकावेळी एकच शब्द घे, तो आपल्या वाक्यासकट घे, आणि तो जिभेवर बसेपर्यंत त्याच्या जोडीदाराकडे बघूच नकोस.

वाक्यासकट का म्हणते ते सांगते. आपण म्हणतो जोराचा पाऊस, जोराचा वारा, जोराचा आवाज. आता इंग्लिशमध्ये पाऊस हेवी असतो, वारा स्ट्राँग असतो, आवाज लाउड असतो, आणि जूनमध्ये गेस्टने विचारलं समुद्रात जाऊ का तर सी इज रफ म्हणायचं. हेवी आणि स्ट्राँगमधला फरक काय असं मला कोणी विचारलं तर मी तासभर बोलेन आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. पण रेनबरोबर हेवी, विंडबरोबर स्ट्राँग, एवढं ज्याच्या कानात बसलं त्याला व्याख्येची गरजच नाही. शब्द एकेकटे राहत नाहीत, त्यांची सोबत ठरलेली असते, आणि फरक म्हणून आपण जो शोधत असतो तो बऱ्याचदा त्या सोबतीतच असतो.

दुसरा एक शब्द घे, आपला किनारा. गोव्यात तर दिवसातून दहा वेळा लागतो. पणजी मांडवीच्या किनाऱ्यावर, कळंगुटचा किनारा, कोकणचा किनारा, मये तळ्याचा किनारा, सगळीकडे किनाराच. इंग्लिशमध्ये नदीला बँक असते, पणजी इज ऑन द बँक ऑफ द मांडवी. जिथे वाळूत बसता येतं, गेस्ट टॉवेल टाकून झोपतात, तो बीच. नकाशावर जमीन आणि समुद्र भेटतात ती लांबलचक पट्टी, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, तो कोस्ट, म्हणून कोस्टगार्ड म्हणतात, बीचगार्ड नाही म्हणत. आणि पाण्यातून बघताना जी जमीन दिसते, बोटवाला जिथे परत येतो, ती शोअर, समुद्राची असो नाहीतर तळ्याची. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, तिथे चार पावलांवर बँक संपते आणि बीच सुरू होतो. बाय, हे चारही शब्द तू पाठ नाही केलेस तरी चालेल, पण कदंबा बसच्या खिडकीतून बाहेर बघताना हे कुठलं, असं मनात म्हण. जागेला जोडलेला शब्द सहसा सुटत नाही.

तुला अजून एक वाटतं, की ज्यांचं इंग्लिश चांगलं त्यांना हे सगळे फरक समजावून सांगता येतात. तसं नसतं. आपल्याकडे लहान पोराला पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, पाठवलं तर ते पोई, उंडो, काकण आणि कातरो पाव बरोबर वेगळे आणतं, बाहेरून आलेल्याला ते सगळं ब्रेडच, पण त्या पोराला फरक विचारलास तर ते फक्त बोट दाखवेल. भाषेचं तसंच आहे. तुझ्या हॉटेलात येणाऱ्या लंडनच्या माणसाला शोअर आणि कोस्टची व्याख्या विचारलीस तर तो थोडा गडबडेलच. आणि तुझे कितीतरी गेस्ट रशियाचे असतात, कोणी दिल्लीचे, कोणी सुरतेचे, इंग्लिश त्यांच्याही घरची भाषा नाही, ते पण तुझ्यासारखेच शब्द जुळवत असतात. समोरच्याला सगळं येतं आणि मलाच नाही, ही भीती घेऊन तू काउंटरवर उभी राहतेस, आणि त्या भीतीला खरं तर आधार नाही.

इंग्लिशमध्ये एकाच अर्थाचे एवढे शब्द आले कुठून, हे कळलं तरी मनावरचा अर्धा भार जातो म्हणून सांगते. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोनेक शतकं राजदरबार, कोर्ट, श्रीमंतांचं जेवणाचं टेबल इथे फ्रेंच चाललं, शेतात आणि घरात जुनी इंग्लिश. वर पाद्री आणि पंडितांची लॅटिन होतीच. त्यामुळे थर पडले. आस्क हा घरचा शब्द, क्वेश्चन फ्रेंचवाटे आलेला, इंटरॉगेट लॅटिन, तिन्हीत विचारणेच आहे पण आस्क कोणीही कोणालाही करतं, क्वेश्चन केलं की समोरच्यावर थोडा संशय आला, आणि इंटरॉगेट पोलीस करतात. तुमच्या किचनच्या मेन्यूवर बघ, गोठ्यातला पिग आणि ताटातला पोर्क, तसंच काउ आणि बीफ, जनावराचं नाव जुन्या इंग्लिशचं, ताटातलं फ्रेंचकडून आलेलं. हेल्प-असिस्ट, बाय-पर्चेस, स्टार्ट-कमेन्स ह्या सगळ्या जोड्या अशाच, अर्थ जवळपास तोच, फक्त एक घरगुती आणि एक जरा इस्त्रीचा. अशा जोड्यांत घरगुती शब्द वापरलास म्हणून कधीच काही बिघडत नाही. कॅन आय हेल्प यू पुरेसं आहे.

आणि सगळे फरक सारखे महत्त्वाचे नसतात हे तर मला ठळक सांगायचंय. तुझ्या वहीत बुकिंग आणि रिझर्व्हेशनचा फरक लिहिलाय, तो सोडून दे, तुझ्या डेस्कवर दोन्ही एकच. लेस आणि फ्यूअरवर तू एक पान भरलंयस. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर म्हणावं, हे 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजाने आपल्याला असं जास्त बरं वाटतं म्हणून लिहिलं होतं, नंतर लोकांनी त्याचा नियम केला, आणि त्याच्या आधी कितीतरी शतकं इंग्रज माणसं दोन्हीकडे लेस म्हणत आली होती. लिहिताना फ्यूअर लिही, चांगलंच आहे, पण बोलताना लेस गेस्ट्स निघालं म्हणून जीभ चावायची गरज नाही. हायर आणि रेंटचं अजून वेगळं, ब्रिटिश माणूस थोड्या वेळासाठी घेतलेल्या गाडीला हायर म्हणतो आणि घराला रेंट, अमेरिकन माणूस सगळ्यालाच रेंट. आपल्याकडे सरकारी योजनेचंच नाव 1997 पासून रेंट अ मोटरसायकल आहे आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटरला आख्खा गोवा रेंटची म्हणतो, मग ब्रिटिश गेस्टने हायर म्हटलं म्हणून तू स्वतःला दुरुस्त करू नकोस.

मग लक्ष कुठे द्यायचं? जिथे चुकलं तर पैसे, शब्द दिला असं होणं, किंवा नीट न कळणं ह्यातलं काही होतं, तिथे. पहिलं सॉरीचं घे, कारण हॉटेलच्या धंद्यात त्याला फार किंमत आहे. वुई अपॉलोजाइज म्हटलं की चूक आमची, असा त्याचा वास येतो. वुई रिग्रेट म्हटलं की असं घडलं ह्याचं वाईट वाटतं, चूक कोणाची ते त्यात नाही. पावसामुळे बोट ट्रिप रद्द झाली तर रिग्रेट, तुमच्याकडून खोली तयार नव्हती तर सरळ अपॉलोजाइज, तिथे रिग्रेट लिहिलं तर गेस्टला वाटतं हे हात झटकतायत, आणि त्याचं चुकत नाही. दुसरं, अश्युअर, एन्शुअर, इन्शुअर. अश्युअर माणसाला करतात, आय अश्युअर यू, म्हणून त्याच्यापुढे माणूस लागतोच. एन्शुअर काम नक्की होईल ह्यासाठी, वुई विल एन्शुअर दॅट द रूम इज रेडी. आणि इन्शुअरचा सध्या विम्याशी संबंध आहे एवढं धरून चल. कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टमध्ये स्पेलिंगच्या मधे आय येतो, कारण तो कॉम्प्लिमेंट म्हणजे कौतुकाच्या घरातला, आपल्याकडून प्रेमाने फुकट. मधे ई घातला तर तो दुसराच शब्द होतो, एकमेकांना पूरक असा, उच्चार जवळजवळ तोच, म्हणून फोनवर कोणाला कळणार नाही पण छापलेल्या व्हाउचरवर दिसेल.

फोनवर मात्र हिअर आणि लिसन सांभाळ. आवाज कानावर पडतो ते हिअर, आपण कान देऊन ऐकतो ते लिसन. लाइन खराब असताना आय कांट हिअर यू म्हणायचं, आय कांट लिसन टू यू म्हटलं तर गेस्टला वाटेल ही माझं ऐकून घ्यायला तयार नाही, आणि भांडणाला तेवढं पुरतं. स्विमिंग पूलजवळ टेबल सावलीत हवं असेल तर शेड, शॅडो म्हणजे माणसाची, माडाची जमिनीवर पडलेली आकृती, आपल्याला दोन्हीला सावलीच. आणि जुन्या गोव्याची टूर विचारली की हिस्टॉरिक चर्चेस म्हण, इतिहासात ज्याला मोठं स्थान आहे ते हिस्टॉरिक, गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 हा दिवस हिस्टॉरिक. इतिहासाशी नुसता संबंध आहे, इतिहासावर आधारलेलं आहे, ते हिस्टॉरिकल, म्हणजे हिस्टॉरिकल नॉव्हेल. प्रीपोन आणि आय विल रिव्हर्ट हे दोन आपल्या ऑफिसातले शब्द देशी गेस्टला चालतात, परदेशी गेस्टला अर्लियर आणि रिप्लाय म्हण, त्याला विचार करावा लागणार नाही.

वही नव्याने कशी करायची ते आता. इंग्लिश-मराठी अर्थाचा रकानाच ठेवू नकोस. पानावर वर एक शब्द, खाली तुझ्या डेस्कवरची दोनतीन खरी वाक्यं, कोण कोणाला म्हणतंय त्यासकट, बस. वाक्यं आणायची कुठून, तर तुमच्याच हॉटेलच्या जुन्या ईमेलमधून, चांगलं लिहिणाऱ्या सहकाऱ्याच्या लॉगबुकातून, आणि लर्नर्स डिक्शनरीतून. ही लर्नर्स डिक्शनरी साध्या डिक्शनरीपेक्षा वेगळी असते. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होता, त्याच्या लक्षात आलं की पोरांना अर्थ कळतो पण वाक्यात बसवता येत नाही, म्हणून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी प्रत्येक शब्दापुढे काय येतं ते दाखवणारी डिक्शनरी केली, ती 1942 मध्ये तिकडेच छापली आणि तीच पुढे ऑक्सफर्डची अॅडव्हान्स्ड लर्नर्स झाली. म्हणजे तुझी जी अडचण आहे ना, नेमकी तिच्यासाठीच केलेली वस्तू आहे ती. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांच्याही लर्नर्स डिक्शनऱ्या मोबाइलवर फुकट बघता येतात. शब्द उघडलास की अर्थ वाचून बंद करू नकोस, खाली उतर आणि उदाहरणं वाच. कागदावरची बघायची असेल तर पणजीत पाटोला सेंट्रल लायब्ररी आहेच.

मॅनेजरचं. त्याने सगळ्यांसमोर वाचायला नको होतं, हे मी स्पष्ट म्हणते, चूक दाखवायची तर बाजूला बोलावून दाखवता येते. पण त्याच्याशी बोलायचं थांबू नकोस. शिफ्ट संपताना एकटा असेल तेव्हा सांग, सर, लॉगबुकात माझं वाक्य खटकलं तर मला एकटीला सांगा, मी त्याच दिवशी दुरुस्त करीन. माणूस बरा असेल तर त्याला लाज वाटेल, नसेल तर निदान तू मागितलं होतंस हे राहील. हसणाऱ्याला उत्तर देण्यात वेळ घालवू नकोस.

आणि मराठी मीडियम. काच आणि लॉगबुक ह्यावरून मुलाची शाळा ठरवू नका एवढंच माझं म्हणणं. तुझ्या जागी इंग्लिश मीडियमवाला असता तरी 'गेस्ट रिफ्यूज्ड' लिहू शकला असता, मी अशा कितीतरी पोरांचे पेपर तपासलेत. गावातली मराठी शाळा चांगली चाललीय का, शिक्षक टिकतात का, पटसंख्या किती, घरी त्याच्याशी कोण बसणार, ह्यावर दोघांनी बसून ठरवा. घरातलं इंग्लिश गोष्टींच्या पुस्तकांनी कुठल्याही शाळेबरोबर चालू ठेवता येतं.

क्लासचं मी सरळ नाही म्हणत नाही, बोलण्याची भीती चार माणसांत बोलूनच जाते आणि तुला त्याची गरज आहे. फक्त पैसे भरायच्या आधी एक दिवस बसून बघ. तासभरात शिकणारे जास्त बोलले की शिकवणारा, ते मोज. आणि तुझी लॉगबुकातली पाचसहा वाक्यं, गेस्टची नावं काढून, त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, आठवड्याला अशी वाक्यं मला तपासून मिळतील का? हो म्हणाले आणि तिथल्या तिथे एक दुरुस्त करून दाखवलं तर फी दोन हप्त्यांत मागून घे. जोड्यांची छापील यादी हातात ठेवली तर उठ आणि ये, ती यादी तुझ्याकडे आधीच आहे.